जावेचं गाऱ्हाणं

माझी धाकटी जाऊ नेत्रा बारावी होऊन देवगडहून थेट दहिसरला, आमच्या घरात आली. स्वभावाने गोड आहे, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. सकाळी ती पोळीभाजीचे डबे करते आणि दुपारी ओट्याला टेकून मोबाइलवर बीएच्या वर्गाला बसते. सरकारी विद्यापीठ ते. मॅडमचं नेट गेलं की सगळा वर्ग ताटकळत बसतो.

मी मात्र खाजगी विद्यापीठात ऑनलाइन बीबीएला नाव घातलंय. झकास ॲप, चकाचक व्हिडिओ, सुटाबुटातले सर. हवं तेव्हा बघा, हवं तिथे थांबवा. नेत्राला मी ते मुद्दाम दाखवलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी उत्तर द्यायला तिने माइक उघडला आणि बंद करायला विसरली. तेवढ्यात आमचे सासरे भिकाजी देवापुढे नारळ ठेवून उभे राहिले. आम्हा कोकणातल्यांची रीतच आहे, कार्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि भोवतीच्यांनी त्याला होकार द्यायचा. त्यात बाबांचा आवाज म्हणजे भोंगा.

"बा देवा महाराजा! आमची नेत्रा उद्या परीक्षेक बसतली. तिका पेपर सोपो पडू दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मोबाइलमधून कुणीतरी ओरडलं. मग दुसरं, तिसरं, अख्खा वर्ग! मॅडम हसत म्हणाल्या, "बाबा, माझंही नाव घ्या, पेपर मलाच तपासायचेत." नेत्रा लाजून चूर. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तेव्हापासून मॅडम वर्ग सुरू करतात तेच मुळी, "नेत्रा, बाबा बरे आहेत ना?" म्हणत. कुणी तिला नोट्स पाठवतं, कुणी घरी यायचं म्हणतं. मी आतल्या खोलीत कानात इअरफोन घालून बसते, तरी सगळं ऐकू येतं. जळते मी तिच्यावर. मला एवढ्या दिवसांत माझ्या ॲपमधून कुणी नावाने हाक मारलेली नाही.

परवा माझी परीक्षा जवळ आली तशी मी हट्टालाच पेटले. व्हिडिओ सुरू केला आणि मोबाइल देवापुढे ठेवला.

"बाबा, माझंपण घाला गाऱ्हाणं. तसंच, मोठ्याने."

बाबांनी नारळ उचलला. सर बोलतच होते. बाबांनी थोडा वेळ त्यांच्या थांबण्याची वाट बघितली, मग माझ्याकडे वळले.

"रुचिरा, हे मास्तर तुका वळाखतत गो?"

"मी ओळखते त्यांना," मी म्हणाले.