दुधाविना चहा

सूनबाईनं आज काळ्या चहात पुदिना टाकून लिंबू पिळलं आणि त्या वासासरशी मी मनानं शहरातल्या छावणी भागात, खालाजानच्या ओसरीवर पोचलो.

तेव्हा कॉलेजसाठी गावाहून आलेलो, या सगळ्या गल्लीच्या मावशीकडं भाड्यानं खोली मागायला गेलो होतो. त्यांनी काचेच्या पेल्यात असाच चहा दिला. आमच्याकडं पाहुण्याला बिनदुधाचा चहा देणं म्हणजे अपमानच. म्हटलं, म्हातारी दूध घालायला विसरली. मी लई शहाणा! त्या आत वळताच ओसरीच्या कोपऱ्यातल्या मांजरीच्या वाटीतलं दूध पेल्यात ओतलं. चहा फाटला. आता खोली गेली, या धास्तीनं मी तो घटाघटा पिऊ लागलो, तर मांजर रिकाम्या वाटीपाशी बोंबलायला लागलं.

खालाजान धावत आल्या. "बिल्ली का दूध पी गया रे तू?" डोळे पुसत हसल्या.

मग दुसरा पेला त्यांनी उन्हात धरला. "पहले देख, फिर पी."

त्या डाळिंबी रंगातून त्यांची बोटं दिसत होती. घोट घेतला. चहाला स्वतःची चव असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आज घरात चार तऱ्हेचे चहा आहेत, पण तसा घोट पुन्हा मिळाला नाही. त्या दिवशी खोली देणार का, हे पुन्हा विचारायचंही विसरलो.

शेवटी त्यांनीच विचारलं, "सामान कब लारा, बेटा?"