दोन वाजण्याआधीच भरलेली दोनची नोंद

मंडळी, डोकं अजून सुन्न आहे. पंधरा वर्षं नर्स आहे, पण आजच्याइतकी कधीच हादरले नव्हते.

दुपारी साडेबाराला वॉर्डात चार नंबरच्या आजोबांचा चार्ट हातात घेतला. त्यात दोन वाजताचं बीपी लिहून तयार! १२०/८०, खाली सही. आणि आजोबा घामाने भिजलेले.

मी लगेच बीपी घेतलं. ८५/५०. डॉक्टर धावत आले, सलाइन जोरात सोडलं, आजोबा सावरले.

मग सही करणाऱ्या नव्या सिस्टरला, प्राजक्ताला, बाजूला घेतलं. "अगं, माणसाला हात न लावता त्याचं बीपी लिहितेस? उद्या कोर्टात हाच कागद दाखवतील, कळतंय का?"

ती रडली नाही. हळूच म्हणाली, "मॅडम, गर्दीच्या दिवशी तुम्हीही असंच भरून ठेवता. मी तुमचंच बघून शिकले."

खरं आहे ते.

आत्ता कर्वेनगरला घरी येऊन बसलेय. झाल्या प्रकाराचा रिपोर्ट सकाळी द्यायचाय. प्राजक्ताचं नाव लिहून झालं. त्याखाली माझं लिहायचं म्हटलं, तर पेन पुढे सरकेना.

खरं सांगा, तुम्ही तुमचं लिहिलं असतं?