बस म्हणायचा मान

पहिली वीस वर्षं मला माझी सासू आवडायची नाही. उगाच खोटं कशाला बोलू? अंबूबाई म्हटलं की रहिमतपुरातली कुठलीही बाई सांगणार, "चटणी कांडावी तर त्यांनीच!" आणि वर मला म्हणणार, "मंगल, नशीब काढलंस गं." कसलं डोंबलाचं नशीब! उन्हाळाभर मिरच्यांची देठं खुडून माझ्या हाताची आग आग व्हायची, आणि डंकाजवळ फिरकायची सोय नाही.

डंक म्हणजे आमचं कांडपाचं यंत्र. लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली होतात आणि खालच्या उखळात मिरची, मसाला, खोबरं, लसूण एकजीव होतं. चैत्र लागला की बायका घरून सगळं भाजून, पाट्या डोक्यावर घेऊन येतात आणि वर्षाची चटणी करून नेतात. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. कुणाला धने जास्त, कुणाला तीळ चालत नाहीत. ते सगळं आत्यांच्या डोक्यात. सासूला मी आत्याच म्हणते. कांडायच्या आधी त्या एकेक जिन्नस हुंगून बघायच्या. चटणी होत आली की जिची असेल ती बाई चिमूटभर आत्यांच्या तळहातावर ठेवायची. आत्या ती जिभेवर घेऊन डोळे मिटायच्या. सगळ्या बायका गप्प. मग आत्या म्हणायच्या, "बस." तेव्हा कुठं माझे मालक, धनाजीराव, बटण बंद करायचे.

हे 'बस' म्हणायचा मान दुसऱ्या कुणाला नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी मध्येच तोंड घातलं, "आत्या, झाली वाटतं." भरल्या बायकांत त्या म्हणाल्या, "तू देठं खुड." पंचवीस वर्षं झाली, पण ते शब्द अजून माझ्या कानात आहेत. मीही काही कमी नाही. त्या दिवसापासून मनात एकच होतं, की एक दिवस या बाईसमोर मी 'बस' म्हणणार.

आता त्यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. आत्या माणदेशातल्या धनगराची लेक. पंधराव्या वर्षी माझ्या सासऱ्यांशी, बिराप्पामामांशी लग्न झालं आणि मेंढरांमागं चालायला लागल्या. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं खाली बसली ती उठलीच नाहीत. उरलेली विकून दोघं रहिमतपुरात आली. मामा हमाली करायचे. आत्या घरोघर जाऊन मुसळानं चटणी कुटायच्या. सुरुवातीला तर पोटात माझे मालक, तोंडाला फडकं आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा. अशी सतरा वर्षं काढली तेव्हा दारात डंक आला. त्याला बिरोबाचा भंडारा लावताना आत्या रडल्या म्हणे. मला ते खरं वाटायचं नाही. मी त्यांना रडताना कधी बघितलंच नव्हतं. मामा गेले तेसुद्धा ऐन चैत्रात. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी डंक सुरू! लोक बोलले. आत्या म्हणाल्या, "बायांच्या मिरच्या वाळून बसल्यात. त्यास्नी थांबा म्हणून सांगू व्हय?"

त्याच डंकावर घर बांधलं, आणि माझ्या लेकीला, समीक्षाला, मिरजेला नर्सिंग शिकायला ठेवलं. तेव्हा पोरीच्या जातीला कशाला एवढं, असं पाहुण्यांपैकी कोण तरी म्हणालं. आत्यांनी त्याला चहासुद्धा दिला नाही. त्या दिवशी मात्र मला त्या आवडल्या.

गेल्या चैत्रात मळ्यातल्या विजयमालाकाकी तणतणत दारात आल्या. तीस वर्षांचं आमचं गिऱ्हाईक. आठ दिवसांपूर्वीच चटणी करून नेली होती. डबा माझ्यासमोर आदळून म्हणाल्या, "बघ, काय केलंय तुझ्या सासूनं!"

झाकण काढलं आणि खवट वासाचा भपकारा आला. खोबरं जुनं होतं. भाजलेल्या खोबऱ्याचं रंगावरून काही कळत नाही, हुंगावंच लागतं.

"खोबरं तुमचंच हुतं की काकी," मी म्हणाले.

"माझंच हुतं. पर अंबूबाई हुंगणार म्हणून मी कशाला हुंगू? तीस वर्सं कवा हुंगलं न्हाई मी! निम्मी चटणी सांगलीला लेकीकडं जायची हुती."

आत्या पुढं झाल्या. डब्यात नाक घालून त्यांनी लांब श्वास घेतला. "काय झालंय हिला? चांगली तर हाय."

काकी बघतच राहिल्या. डबा उचलून निघून गेल्या.

मला शंका आली. मी घरात गेले, हिंगाचा खडा मुठीत धरला आणि आत्यांच्या नाकापुढं नेला. "डोळं मिटा आणि सांगा, काय हाय?"

त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. "येलदोडा," म्हणाल्या.

मी मूठ उघडली. आत्या खडा बघून मटकन पायरीवर बसल्या.

"कवापासनं?" मी विचारलं.

"त्या कोरोनाच्या तापापासनं. समद्यांचा वास परत आला, माझा न्हाई आला. तिखट आणि मीठ तेवढं कळतंय. बाकी समदी माती."

म्हणजे चार उन्हाळे! चार उन्हाळे ही बाई नुसतं हुंगल्यासारखं करत होती. तेल बोटांना कसं लागतं, मुसळाचा आवाज कसा बदलतो, यावर चटण्या करत होती, आणि एकही बिघडली नव्हती. मला राग आला, कौतुक वाटलं आणि रडूही आलं.

"आवं, मला सांगायचं न्हाई? मी काय परकी हाय?"

"सांगितलं असतं तर डंकापाशी मी कोण राहिले असते गं?" त्या म्हणाल्या. "मेंढरं गेली, मालक गेलं. एवढंच हाय माझ्याकडं."

मालक म्हणाले, "खोबरं त्यांचं, आपण कशाला वाकायचं?" मी म्हणाले, "मी सांगते, त्या दिवशी डंकावर मी हुते, चूक माझी म्हणून." आत्यांनी मान हलवून दोघांनाही नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चांगलं लुगडं नेसल्या आणि मला घेऊन मळ्यात गेल्या. काकींच्या अंगणात आजूबाजूच्या बायका सांडगे घालत बसल्या होत्या. मला वाटलं, आत्या काकींना बाजूला बोलावतील. छे! सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाल्या, "माझ्या नाकाला चार वर्सं वास येत न्हाई. लपवलं म्या. खोबरं खवट हुतं, मला कळलं न्हाई. चूक माझी हाय, मंगलची न्हाई. नवी चटणी आमी आमच्या सामानाची करून देतो."

बायका पुन्हा सांडग्यांकडं वळल्या. आम्ही तशाच परत आलो.

मग तीन दिवस डंक बंद. ऐन चैत्रात! दारात एक पाटी नाही. आत्या उंबऱ्यावर बसून रस्त्याकडं बघायच्या. रस्त्यानं बायका पाट्या घेऊन पुढच्या पेठेतल्या कांडपाकडं जायच्या, आणि आत्या त्यांना नावानं हाकसुद्धा मारायच्या नाहीत. मला ते बघवत नव्हतं.

चौथ्या दिवशी विजयमालाकाकी आल्या. डोक्यावर पाटी.

"तुमचं सामान नगो मला," त्या म्हणाल्या. "माझं मी आणलंय. खोबरं म्या हुंगलंय. आता मंगलनं हुंगावं."

मी हुंगलं. ताजं होतं. मालकांनी बटण दाबलं. आत्यांनी नेहमीसारखं प्रमाण सांगितलं, एकही जिन्नस चुकला नाही. चटणी होत आली तशी काकींनी सवयीनं चिमूट आत्यांपुढं धरली. आत्यांनी आपला हात मागं घेतला. माझं मनगट धरलं आणि माझा तळहात पुढं केला.

मी चिमूट जिभेवर घेतली. पंचवीस वर्षं या चिमटीसाठी जळले होते मी. "लसूण अजून कच्चा लागतोय," मी म्हणाले. मुसळं आपटत राहिली. पुन्हा चिमूट घेतली. आत्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"बस," मी म्हणाले. मालकांनी बटण बंद केलं.

काकी वाटीभर चटणी आमच्यासाठी ठेवून गेल्या. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा आत्यांनी तिच्यावर तेल घेतलं, भाकरीचा घास तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"कशी झालीय गं?" त्यांनी मला विचारलं.

मी एक घास नीट चावून बघितला. मग म्हणाले, "आधी लसूण लागतोय, आत्या. मग धने. खोबरं गोड हाय, लय ताजं. तिखट मागनं येतंय."

त्या चावत राहिल्या. डोळे मिटलेलेच होते, पण गालावरून पाणी ओघळलं.

"व्हय," आत्या म्हणाल्या, "आता लागलं." आणि आणखी एक भाकरी मागितली.