सोनेरी बाटली आणि पुडीवाली ताई

आमच्या चौकातल्या औषधाच्या दुकानात सव्वीस वर्षं एक बाई उभी आहे. बसलेली तिला कुणी पाहिली नाही. नाव आहे तिला, पण ते भिंतीवरच्या परवान्यापुरतं. समोर सगळे तिला ताई म्हणतात आणि पाठीमागे पुडीवाली. कारण औषध कुठलंही असो, ती ते कागदी पाकिटात घालते, पाकिटाचं तोंड दोनदा दुमडते आणि मगच काउंटरवर ठेवते. तुमच्या पुडीत काय आहे हे शेजारी उभ्या असलेल्याला कळता कामा नये, हा तिचा नेम. मी अकरा वर्षं रक्तदाब मोजायच्या निमित्ताने तिथल्या बाकावर बसतोय, कान टवकारून. पण कुणाला साधी खाज सुटलीय एवढंही तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

अशा बाईशी वाकडं घेऊ नये. जिच्या पोटात एवढं सगळं राहतं, तिच्या पोटात रागही राहतो, आणि तिथे तो छान मुरतो.

रोजची व्हिटॅमिनची गोळी मागायला येणाऱ्यांचा तर ती जीव खायची. मीही एकदा मागितली होती.

"कशाला हवी?" ताई म्हणाली.

"अशीच. शक्ती राहावी म्हणून."

"जेवता किती वेळा?"

"दोनदा."

"बाकावर बसून चार बिस्किटं खाता ती धरून?"

"तीनदा."

"आणखी कुठली औषधं चालू आहेत? रक्त तपासून किती दिवस झाले? डॉक्टरांनी कशाची कमतरता सांगितलीय का?"

एवढी उलटतपासणी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. शेवटी म्हणाली, "तुम्हाला बाटली नकोय, चौकाला दोन फेऱ्या हव्यात." गोळी दिली नाहीच. दूध, अंडी काहीच न खाणाऱ्या शिंपीणकाकूंना मात्र तिनेच हटकून रक्त तपासायला पाठवलं आणि मग बी-ट्वेल्व्ह घेता की नाही म्हणून महिनाभर पिच्छा पुरवला. तिचं म्हणणं एकच. दुसऱ्याचा चष्मा आपण घालत नाही, मग दुसऱ्याची गोळी का घालावी तोंडात?

आता या गोष्टीतला पुरुष. ताईच्या धाकट्या बहिणीचा नवरा. याला आम्ही सोनेरी म्हणतो, कारण दोन वर्षांपूर्वी त्याने सोनेरी झाकणाच्या बाटल्या विकायला घेतल्या. एकच गोळी, आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्या घराला पुरणारी. माणूस दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. फार वर्षांपूर्वी हाच रोज डोकेदुखीची गोळी घ्यायला ताईच्या काउंटरवर यायचा. डोकं एवढं दुखत असेल असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं. मग एके दिवशी धाकटी बहीण ताईचा डबा घेऊन दुकानात आली, आणि याची डोकेदुखी जागच्या जागी थांबली. वर्षभरात त्या दोघांचं लग्न. ताईने त्या दिवशीही दुकान अर्धा दिवस उघडं ठेवलं होतं. त्यावर मी काही बोलत नाही. बाकीचे पुष्कळ बोलले.

धाकटी घड्याळं दुरुस्त करते. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या कमानी चिमट्याने उचलणारी, हात न थरथरणारी बाई. तिला थायरॉइडची गोळी कायमची, पहाटे उपाशीपोटी घ्यायची. त्यात नवऱ्याने आपली सोनेरी गोळी घातली. "दोन्ही एकाच घोटात घे, म्हणजे विसरायचं नाही." तिने घेतली. हळूहळू अंग जड व्हायला लागलं, केस गळायला लागले, भिंग लावल्या लावल्या डोळा मिटायला लागला. डॉक्टरांनी थायरॉइडची मात्रा दोनदा वाढवली. आणखी काही घेता का, असं त्यांनी विचारलं तर ही म्हणाली, काही नाही. व्हिटॅमिन म्हणजे काय औषध आहे का, असा तिचा हिशेब. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या वडिलांचं जुनं घड्याळ तिच्या हातून पडलं आणि घड्याळांच्या दुकानाच्या मालकाने तिला म्हटलं, महिनाभर घरी विश्रांती घ्या, मग बघू. त्या 'बघू'चा अर्थ सगळ्यांना कळतो.

ताईने बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. लोह, कॅल्शियम. ती बहिणीच्या घरी गेली.

"अगं, यातलं लोह तुझी थायरॉइडची गोळी अंगाला लागूच देत नाही. दोन्हींच्या मध्ये चार तास तरी जाऊ देत. नाहीतर ही सोडच."

सोनेरी तिथेच पाय पसरून बसला होता. "ताई, तुमच्या दुकानातल्या बाटल्या खपत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?"

"मी हिच्याशी बोलतेय."

"बोला की. पण जुनं डोकं शांत ठेवून बोला." आणि हसला. "डोकेदुखी हल्ली तुम्हाला झालेली दिसतेय."

धाकटी खाली मान घालून म्हणाली, "ताई, तू अजून त्या गोष्टीवरून जळतेस का गं? ते मला कशाला वाईट देतील?"

ताई उठली, चपला घातल्या आणि दुकानात आली. त्या दिवशी तिने पुड्या इतक्या घट्ट दुमडल्या की गिऱ्हाइकांना घरी त्या कात्रीने उघडाव्या लागल्या.

बहीण तिचं ऐकणार नव्हती. ऐकणार होती ती फक्त नवऱ्याचं. म्हणजे हे नवऱ्याच्या तोंडूनच यायला हवं होतं, आणि चार माणसांत यायला हवं होतं. तिला बहीण वाचवायची होती. पण नुसती बहीणच वाचवायची असती, तर ती डॉक्टरांना एक फोन करून मोकळी झाली असती. तिला तो माणूसही हवा होता, सोललेला.

तीन आठवड्यांत तिने काय केलं ते ऐका. दुकानमालकाला स्वतः सांगितलं, आमच्या मेहुण्यांच्या बाटल्या आपल्या दुकानात ठेवू या. सोनेरीला बोलावणं धाडलं. शनिवारी सकाळी त्याचं भाषण ठरवलं. वीस खुर्च्या मांडल्या, पाटी स्वतःच्या अक्षरात रंगवली: 'सगळ्यांसाठी एकच गोळी'. मी विचारलं, "काय ताई, पांढरं निशाण?" ती म्हणाली, "पाण्याचा जग भरून ठेवा." बहिणीलाही तिने पहिल्या रांगेत आणून बसवलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईने मन मोठं केलं असं तिला वाटलं. मलाही वाटलं, हे कबूल करतो.

सोनेरी खुलला. अर्धा तास बोलला. थकवा, सांधे, केस, स्मरणशक्ती, सगळं त्या एका गोळीत. "वय विचारायचं कारण नाही, आजार विचारायचं कारण नाही. अपाय कुणालाच नाही."

"कुणालाच नाही?" काउंटरमागून ताई.

"कुणालाच नाही."

"दुसरी औषधं चालू असली तरी?"

"ताई, कुठलंही औषध चालू असू दे."

"वा." ती पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. गिऱ्हाइकांसमोर काउंटरच्या या बाजूला आलेली मी तिला अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिली. तिने बाटली उघडली, एक गोळी झाकणात काढली आणि त्याच्यापुढे धरली. "मग घ्या मेहुणे. लोकांना बघू दे. मीही उद्यापासून सुरू करते."

तो हसला. "मी... सकाळीच घेतली."

"धाकटे, घेतली का गं यांनी सकाळी?"

धाकटी म्हणाली, "हे कधीच घेत नाहीत. यांना लागत नाही म्हणतात."

"आज एक लागू दे," ताई म्हणाली. इतकं गोड मी तिला कधी ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, कारण पुढच्याच क्षणी ते त्यानेच सांगितलं. सोनेरीला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. दर महिन्याला ताईच्याच काउंटरवरून दुमडलेली पुडी जायची. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही व्हिटॅमिन घ्यायचं नाही, असा कागद त्याच्या पाकिटात होता. हा माणूस भित्रा एवढा की पालेभाजीचं ताट महिनोन्महिने परत पाठवत होता. सोनेरी बाटलीत पालेभाजीतलंच व्हिटॅमिन के होतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं काम उलटवणारं. एका गोळीने फारसं काही झालं नसतं, हे ताईला ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं. आणि त्याच्या पुडीतलं ताई बोलणार नव्हती. नेम तो नेम. ती नुसती झाकण धरून उभी राहिली.

"घ्या ना," पोस्टातून निवृत्त झालेले मास्तर मागून म्हणाले. त्यांनी सहा बाटल्या संपवल्या होत्या. "आम्ही घेतो, तुम्हाला काय धाड भरलीय?"

सोनेरीचं कपाळ ओलं झालं. "मला चालत नाही," तो म्हणाला.

"काय म्हणालात?" ताई म्हणाली. "मागे ऐकू नाही आलं."

"मला चालत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे माझी. डॉक्टरांनी सांगितलंय, विचारल्याशिवाय व्हिटॅमिन घ्यायचं नाही."

 मग धाकटी उठली. "तुम्हाला डॉक्टरांना विचारायचं होतं," ती म्हणाली, "आणि मला एका घोटात?"

तो काहीतरी बोलणार होता. "बसा मेहुणे, खुर्ची आहे," ताई म्हणाली. तो बसला, आणि त्याच्यासमोर तिने मास्तरांपासून सुरुवात केली. बाटली घेतलेल्या एकेकाला काउंटरच्या टोकाला बोलवायचं, हळू आवाजात विचारायचं, आणि बहुतेकांची बाटली त्याच्या मांडीवर आणून ठेवायची. मला त्यातला शब्द ऐकू आला नाही, पण मांडीवरचा ढीग दिसत होता. एका नर्सबाईंची बाटली मात्र तिने परत त्यांच्या हातात दिली. तुम्हाला चालेल, म्हणाली, जेवणानंतर घ्या. बदला घेतानाही बाईने एक अक्षर खोटं सांगितलं नाही, याचा मला थोडा रागच आला.

सगळ्यात शेवटी धाकटीने पर्समधून आपली बाटली काढली आणि त्या ढिगावर स्वतः ठेवली. "ताई, आता?"

"आता डॉक्टरांकडे. सगळं खरं सांग. वाढवलेली मात्रा आता जास्त व्हायची, ती ते बघतील."

अडीच महिन्यांनी धाकटीच्या डोळ्यावर भिंग परत चढलं. मास्तरांचं बंद पडलेलं घड्याळ तिनेच चालू केलं. सोनेरी आता पंप विकतो. त्याची पुडी दर महिन्याला धाकटीच घेऊन जाते. त्या पुडीवर ताई स्वतःच्या अक्षरात लिहिते: 'व्हिटॅमिन घेऊ नये.' बाहेरच्या बाजूला, ठळक. सव्वीस वर्षांत पुडीवर बाहेरून लिहिलेली ही एकच.

मी म्हटलं, "ताई, झालं ना आता. सोडून द्या की त्याला."

तिने माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा जरा जास्तच आवळला.

"का?" म्हणाली.