यासीनआबांचं डोकं

कुस्तीच्या मैदानात माईक हातात आला की कुणीही आधी 'हॅलो, हॅलो' करतो. यासीनआबांनी तसं कधी केलं नाही. ते नेहरूशर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढत, माईकच्या तोंडाशीच एक गोळी फोडत आणि पाण्याशिवाय चावून खात. आधी पट्टीचा 'कट्', मग दाढेखालचा 'कुर्रम', असे दोन्ही आवाज माझ्या कर्ण्यांतून पार उसाच्या फडापर्यंत जायचे. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की बाभळीखाली पान खात बसलेली मंडळी तेवढ्यावर उठायची. "चला, आबांनी गोळी खाल्ली. कुस्ती लागतीय आता." माझं माईक टेस्टिंग वर्षानुवर्षं आबांच्या दाढेवर झालं.

मी मंडप-स्पीकरवाला. गाव वडगाव निंबाळकर, गोदाम बारामती एमआयडीसीच्या अलीकडे. आबा इंदापूरचे. तिथल्या पेठेत त्यांचं बैलांच्या साजाचं, म्हणजे कासरे, म्होरक्या आणि घुंगरमाळांचं दुकान होतं. गावोगाव ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तरी आबांनी दुकान काही बंद केलं नाही. पण चैत्र-वैशाखात जत्रा सुरू झाल्या, की दुकान मुलाच्या गळ्यात आणि आबा माझ्या टेम्पोत. तरुणपणी स्वतः लढायचे. एकदा खांदा निखळला तो नीट बसलाच नाही, तेव्हापासून अंगातली कुस्ती तोंडात आली आणि आबा निवेदक झाले. कुठल्या पैलवानाचा आजा कुणाला कोणत्या डावावर पाडून गेला, हे ते न अडखळता सांगत. त्या पैलवानाला स्वतःलाही ते माहीत नसे.

माणूस भेटला की आबांचे तीन प्रश्न ठरलेले. पहिल्या भेटीत मी वायरी पसरत होतो, तर मागून आवाज आला. "गाव कुठलं? तालीम कुठली? वस्ताद कोण?"

मी म्हणालो, "आबा, मी पैलवान न्हाय. स्पीकरवाला हाय."

"मग स्पीकरचा वस्ताद कोण?"

"कुणी न्हाय. बघून बघून शिकलो."

आबांना माझी खरोखर कीव आली. "लई वाईट झालं. शोध एखादा. बिनवस्तादाच्या माणसाची वळख करून द्यायची म्हंजी बोलणाऱ्याची पंचाईत." चहावाला असो, एसटीचा कंडक्टर असो, कलेक्टर कचेरीतला साहेब असो, हे तीन प्रश्न कुणाला चुकले नाहीत. लोक हसत, पण उत्तर देत.

तर आबांचं डोकं दुखायचं. कधीतरी नाही, रोज. सकाळी उठल्यावर कपाळाच्या दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं सुरू व्हायचं. त्यावर सगळ्या तालुक्यानं उपाय सुचवले होते. सुंठेचा लेप झाला, चष्म्याचा नंबर झाला, आबांच्या बायकोचं, हमीदाभाभींचं, मीठ-मिरच्या ओवाळून झालं. शेवटी आबांनी मेडिकलमधून मिळतील त्या गोळ्या आणून स्वतःचा एक संघच बांधला. पांढरी सकाळची. "ही हलक्या गटातली. अंग गरम करायला." उन्हात उभं राहायचं तर लाल. धुळीसाठी सर्दीची पिवळी. आणि शेवटची मोठी कुस्ती लागायच्या आधी एक लांबट, जाड गोळी, तिला ते 'हिंदकेसरी' म्हणत. "एकट्याच्यानं न्हाय आवरत आपलं डोकं. रोज नवा पैलवान लागतो त्याला."

मला या डोक्याचं भारी कुतूहल होतं, आणि त्याचं कारण माझा धंदा. स्पीकरमध्ये घरघर आली की ती कुठून येते हे सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. आबांच्या डोक्यातली घरघर माझ्याच सामानामुळे असेल, अशी मला आधी शंका आली. मी त्यांच्या कानामागचा बॉक्स लांब नेला, काही फरक नाही. हलगीवाल्याला दहा पावलं मागं सरकवलं, तो चिडला तेवढा. मग उन्हाला दोष द्यावा, तर पावसाळ्यात दुकानात गादीवर बसूनही दुखायचंच. एकदा मी विचारलं, "आबा, गोळीनं बरं वाटतं का?"

"वाटतं की. दुपारपतुर."

"मग दुपारी?"

"मग दुसरी."

हे उत्तर मला कुठंतरी खटकलं होतं, पण काय खटकलं ते कळेना.

आबांना या जगात एकाच गोष्टीचा मनापासून राग होता, नुरा कुस्तीचा. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली. दोघे पैलवान एकमेकांना सांभाळून खेळतात, लोकांना वाटतं जुंपली आहे, आणि दोघांचंही चालू राहतं. इंदापूर तालुक्यातल्या एका गावात शेवटची कुस्ती तशी निघाली. आबा थोडा वेळ बोलले, मग थांबले. मला वाटलं वायर गेली. तेवढ्यात कर्ण्यांतून शांत आवाज आला. "मंडळी, ह्या कुस्तीवर मला बोलता यायचं न्हाय. हे दोघं एकमेकाला जगवत्यात. माईक हितं ठेवतो." आणि खरंच ठेवला. भरल्या मैदानातून टोपी सावरत चालत गेले, माझ्या टेम्पोत जाऊन बसले. लोकांनी आरडाओरडा केला, कमिटीनं मला गाणी लावायला सांगितलं. त्या गावानं पुढे कितीतरी जत्रा आबांना बोलावलं नाही. आबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

एका चैत्रात बारामतीजवळच्या मैदानात आबा माईक धरून उभे होते आणि एकाएकी खांबाला टेकले. चेहरा पांढराफटक, उमाशांवर उमासे. दुपार व्हायच्या आत पांढरी, लाल आणि पिवळी, तिघी पोटात गेल्या होत्या. मी त्यांना उचलून टेम्पोत घातलं आणि बारामतीतल्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. आत गेल्या गेल्या, तशा अवस्थेतही आबांनी विचारलंच. "गाव कुठलं, बाई? शिकला कुठं? गुरू कोण?"

मॅडम हसल्या. "गाव सुपे." मग कॉलेजचं नाव आणि त्यांच्या सरांचं नावही सांगितलं. आबांचं समाधान झालं. मॅडमनी बीपी पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली, हातपाय ढकलायला लावले, मग म्हणाल्या, "आता खिसा रिकामा करा."

टेबलावर चार पट्ट्या आल्या. मॅडमनी त्या माझ्याकडे सरकवल्या. "मागचं बारीक अक्षर वाचा. रंग नका सांगू, आत काय आहे ते सांगा." मी पांढरी वाचली, पॅरासिटामॉल. लाल वाचली, पॅरासिटामॉल, आणि सोबत चहा-कॉफीत असतं ते कॅफीन. पिवळीत सर्दीचं औषध होतं, आणि पॅरासिटामॉल. हिंदकेसरी उलटा केला. तोही पॅरासिटामॉलच, फक्त वजनानं जास्त.

आबा पट्ट्यांकडे बघतच राहिले. "म्हंजी चौघंबी एकाच तालमीतलं?"

"एकाच," मॅडम म्हणाल्या.

"मी एकाच पैलवानाला लंगोट बदलून बदलून सोडत हुतो व्हय!" सगळ्या जिल्ह्याला तालीम विचारत फिरलेल्या माणसानं रोज पोटात जाणाऱ्या पाहुण्याला मात्र काहीच विचारलं नव्हतं. मला हसू आलं. आबांना नाही आलं.

मॅडमनी समजावलं ते असं. या गोळ्या वाईट नाहीत, कधीतरी घ्यायला चांगल्याच आहेत. पण चारही मिळून एकच औषध प्रमाणाबाहेर पोटात जातं, ते यकृताला झेपत नाही, म्हणून आज लगेच रक्त तपासायचं. आणि दुसरी गोष्ट, रोज गोळी घेतली की डोक्याला तिची सवय लागते. गोळी उतरली की डोकं दुखतं, दुखलं की माणूस गोळी घेतो. "तुमचं मूळचं दुखणं कदाचित कधीच गेलं असेल, आबा. आता दुखतंय ते गोळ्यांमुळे."

आबांनी चारही पट्ट्या एकावर एक रचल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "डोकं गोळीला जगवतंय, गोळी डोक्याला जगवतीय?"

"तसंच."

"म्हंजी नुरा हाय ही." त्यांचा आवाज बदलला होता. "माझ्याच डोक्यात, माझ्याच देखत, नुरा चाललीय."

रक्ताचा रिपोर्ट नशिबानं बरा आला. मॅडमनी सांगितलं, गोळ्या आजपासून पूर्ण बंद. मी एक दुसरं औषध देते, पण पहिले आठ-पंधरा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखेल, घरी अंधाऱ्या खोलीत पडून राहा. नेमकं त्याच आठवड्यात इंदापूरकडचं मोठं मैदान होतं. तिथला माईक आबांनी एकदाही चुकवला नव्हता. कमिटीचे बाजीराव तात्या घरी येऊन स्पष्टच बोलून गेले. "आबा, तुमचा आवाज न्हाय चालला तर पुढल्या साली आमाला दुसरा बघावा लागंल. एवढ्या दिवसापुरती खावा की गोळी. कोण बघतंय?"

आबा म्हणाले, "मी बघतोय की."

मैदानाच्या दिवशी मी त्यांना टेम्पोतून धरून उतरवलं. डोळे बारीक झालेले, कपाळावर ओला पंचा घट्ट बांधलेला, पाऊल टाकलं की चेहरा पिळवटायचा. मला त्यांचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती. मैदान गच्च भरलेलं. आबांनी माईक घेतला आणि हजारो माणसं सवयीनं त्या 'कट्'ची वाट बघत थांबली. तात्या लगबगीनं पुढे झाले. एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या तळहातावर लांबट गोळी. माईक चालू होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"ठेवा तात्या. ह्याला मी वळखतो आता."

आबा बोलू लागले, पण इतक्या खालच्या आवाजात की मी घाईनं आवाज वाढवला. त्याबरोबर त्यांनी कानावर हात दाबला आणि मला खाली, खाली अशी खूण केली. त्यांना स्वतःचाच आवाज सोसत नव्हता. मी उतरवत गेलो. आता गोंधळ होणार, लोक उठणार, असं मला वाटलं. झालं उलटंच. पुढची माणसं गप्प झाली, मग मागची, मग कुंपणावर बसलेली पोरं. हलगीवाल्यानं आपणहून हात हलका केला. आबा एकेका पैलवानाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद एवढंच सांगत होते आणि शेवटच्या माणसाला ते ऐकू जात होतं. मधल्या शांततेत मांडीवर ठोकलेला शड्डू ऐकू येत होता, श्वास ऐकू येत होता, मातीवर पाठ आपटली तर ती ऐकू येत होती. इतकी वर्षं मैदानं केली, पण कुस्तीला स्वतःचा आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं.

तात्यांनी आपलं म्हणणं खरं केलं. पुढच्या साली एक दणदणीत आवाजाचा तरुण निवेदक आणला आणि आबांकडे शेवटची एकच कुस्ती ठेवली. मला ते लागलं. आबा म्हणाले, "एकच हाय, पण खरी हाय."

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. त्या मैदानानंतर दोन-अडीच आठवडे गेले असतील. सकाळी आबांचा फोन आला. आवाजात काळजी.

"विलास, एक इचारू? तुझं डोकं दुखत नसतं तवा तुला डोक्यात काय वाटतं?"

मी म्हणालो, "काय न्हाय वाटत, आबा. डोकं हाय हेच ध्यानात नसतं."

"मग बराबर हाय," ते सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाले. "मलाबी सकाळधरनं कायच वाटंना झालंय. म्हटलं, हे असंच असतंय का, कुणालातरी इचारावं."

फोन ठेवला आणि मी गोदामात वायरींच्या ढिगावर बसून रडलो. इतक्या वर्षांत तो माणूस निरोगी डोकं कसं असतं हेच विसरून गेला होता.

पुढे क्वचित दुखायचं, तेव्हा ते एखादी गोळी घेत, पण आधी मेडिकलवाल्याकडून तिची सगळी कुळकथा वदवून घेत. मागच्या रांगेतली गिऱ्हाइकं कंटाळून जायची. माझ्या स्पीकरवर मात्र त्यांनी कायमचा राग धरला. "एवढ्या मोठ्यानं कुणाला सांगतोस रं? समोरचा बहिरा हाय का?" मी आता सगळीकडे आवाज कमीच ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात आबा झोपेतच गेले. कब्रस्तानात मूठमाती द्यायला तालमी-तालमींतले पैलवान आले होते, म्हातारे वस्तादही आले होते. एक तरणा पोरगा मूठ घेऊन पुढे झाला आणि थबकला. मग त्यानं खाली बघत, आबांना ऐकू जावं असं, आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तालीम आणि वस्ताद सांगितला, आणि माती टाकली. पाठचाही तसंच बोलला. मग प्रत्येक जण. माईक नव्हता, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, तरी शेवटच्या माणसाला ऐकू जात होतं.

माझी पाळी आली. मूठ भरली आणि म्हणालो, "विलास, स्पीकरवाला. गाव वडगाव निंबाळकर. तालीम न्हाय. वस्ताद यासीनआबा, इंदापूर."