सस्काटूनमधला कांद्याच्या पातीचा तज्ज्ञ

कॅनडात सस्काटूनला आल्यावर दुसऱ्या वर्षी माझ्या नवऱ्याने बॅकयार्डमध्ये कांद्याची पात लावायचं ठरवलं. पुण्यात त्याने कधी तुळशीला पाणी घातलं नव्हतं. पण तो पडला इंजिनियर, म्हणून आधी कॉम्प्युटरवर तक्ता झाला आणि मग मातीत खुपसायला थर्मामीटर आला.

मे महिन्याच्या शेवटी पात बोटभर वर आली, तोच रेडिओवर फ्रॉस्टचा, म्हणजे रात्री दव गोठण्याचा, इशारा आला. साहेबांनी माझी नवीकोरी चादर पातीवर पांघरली आणि दर तासाला बघून येऊ लागले. माझ्या तापातही इतक्या फेऱ्या झाल्या नव्हत्या. शेजारच्या युक्रेनियन आजी कुंपणापलीकडून इंग्रजीत म्हणाल्या, "अरे, कांदे आहेत ते, बाळं नाहीत."

त्याने हसून सोडून दिलं. आजी जन्मभर भाज्या लावत आल्या होत्या, पण त्यांच्याकडे तक्ता कुठे होता?

ऑक्टोबरात बर्फ पडल्यावर त्याने निम्मी रोपं कुंडीत काढून बेसमेंटमध्ये ट्यूबलाइटखाली ठेवली. ती महिनाभरात पिवळी पडून कुजली. बाहेर राहिलेली त्याने मेलेलीच धरली. एप्रिलमध्ये बर्फ वितळला, तर वाफ्यात हिरवेगार कोंब उभे.

"मुद्दामच ठेवली होती बाहेर," तो म्हणाला.

मी कात्री घेऊन गेले आणि पीठ पेरून भाजी केली. त्या उन्हाळ्यात मराठी मंडळाच्या पिकनिकला तो चौघांना पात थंडीत कशी जगवायची ते समजावत होता, आणि त्यातले दोघे चक्क लिहून घेत होते.