मदरबोर्डाचं पाणी

स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान एक्क्याऐंशी अंश दिसत होतं, आणि त्याला थंड ठेवायचं पाणी एक बैल पीत होता. बैलाचं नाव सुभेदार. मालक मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यामुळे त्या घरात कोण कुणाचं ऐकत असेल, हे सांगायला नको.

मी कोरेगावात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान चालवतो. बावीस वर्षं झाली. प्रिंटरमध्ये झुरळं, कीबोर्डावर आमटी, सीपीयूत उंदराचं बाळंतपण, सगळं पाहिलंय. बैल पहिल्यांदाच.

झालं असं. उंब्रजचा दत्ता व्हिडिओ शूटिंग करतो. लग्नं, बारशी आणि उन्हाळ्यात बैलगाडा शर्यतींची मैदानं. हल्ली निकालाच्या रेषेवर कॅमेरा असतो. दोन गाड्या बरोबर आल्या की पंच स्लो मोशन मागतात. मागच्या मैदानात दत्ताचं मशीन स्लो मोशन काढताना इतकं हळू चाललं की ऐन वेळी अडकूनच बसलं. कमिटीनं सांगितलं, पुन्हा असं झालं तर तुझी मैदानं बंद. दत्ताचं घर त्याच मैदानांवर चालतं. आता पुढचं मैदान परवावर आलं होतं आणि नवं मशीन पुण्याहून यायला आठवडा लागणार होता.

"भाऊ, ह्येच जोरात पळवा की," दत्ता म्हणाला. "तुमी कराल. दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई."

इथं नाही म्हणायला हवं होतं. पण शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसरला कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणं. त्यासाठी जादा व्होल्टेज लागतं आणि व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते. दत्ताचा मदरबोर्ड पंधरा वर्षांचा. त्याच्या सेटिंगमध्ये वेग वाढवायची सोय होती, व्होल्टेजची नव्हती. मग जुना उपाय केला. बोर्डावर व्होल्टेज ठरवणारा एक रेझिस्टर असतो, तांदळाच्या कणीएवढा. मशीन बंद करून त्याच्यावर साध्या शिसपेन्सिलीनं गिरवायचं. शिशातून वीज जाते, रेझिस्टन्स उतरतो, व्होल्टेज चढतं. गिरवायचं, मशीन चालू करायचं, मल्टीमीटर लावायचा. जास्त झालं तर खोडरबर. दत्तानं हे बघून शेजारच्या दुकानातून आणखी एक खोडरबर आणलं. आपलं पोट या माणसाच्या पेन्सिलीवर आहे, हे त्याला तेव्हा कळलं असावं.

एवढी उष्णता पंख्याला झेपणारी नव्हती. शेजारच्या फ्रिजवाल्याकडून तांब्याच्या पट्टीवर तांब्याची नळी डाग देऊन घेतली आणि ती प्रोसेसरवर बसवली. तिला शेतातल्या ठिबकची नळी जोडली. एअर कूलरची छोटी मोटर पाण्यात बुडवली. टबातलं पाणी वर जाऊन, प्रोसेसरवरून फिरून परत टबात. दुकानात तापमान पन्नासच्या वर गेलं नाही. मी दोन गिऱ्हाइकांना मुद्दाम बोलावून दाखवलं.

मैदानावर मशीन स्टेजवर मांडलं आणि टब स्टेजच्या मागं सावलीत ठेवला. वर बर्फाची लादी सोडली. रखरखीत ऊन, मैदानात शेकडो बैल आणि त्यांच्या वाटेवर उघडा पाण्याचा टब. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही.

फायनलला सुभेदाराची गाडी आणि मिरजेकडच्या पाटील आप्पांची गाडी बरोबर आल्या. अर्धा तास वाद चालला. हवालदार आणि आप्पा एकमेकांच्या गळपट्टीपर्यंत गेले. शेवटी पंच दत्ताला म्हणाले, "दाव रं तुझं."

स्लो मोशन तयार करायला मशीनला दहा-बारा मिनिटं लागायची. साठ टक्के काम होईपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग तापमान चढायला लागलं. पासष्ट. चौऱ्याहत्तर. एक्क्याऐंशी. शंभराच्या आसपास मशीन स्वतःच बंद होतं, आणि ते बंद झालं की दत्ताची मैदानंही बंद. मी मागं धावलो, तर सुभेदाराचं तोंड टबात.

"हवालदार, बैल बाजूला घ्या."

"पितोय न्हवं," ते म्हणाले. "पाण्यावरच्या जनावराला हटकत न्हाईत."

"आवं, मशीनचं पाणी हाय ते. मशीन बंद पडलं तर तुमचाच निकाल लागायचा न्हाई."

"न्हाई तर न्हाई. लय येळ उन्हात हुभा हाय त्यो."

मी पंचांकडं पाहिलं. पंचांनी मान हलवली. "पिऊ द्या."

मग पाटील आप्पांकडं पाहिलं. त्यांचाही निकाल अडकला होता. ते म्हणाले, "पिऊ द्या वो. तुमी दुसरं पाणी आणा."

मला सगळ्यांचा भयंकर राग आला. आणि रागावताही येईना, कारण माणसं बरोबर बोलत होती. पाण्याचा टँकर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. इकडं टबाचा तळ दिसायला लागला, मोटर हवा ओढून घरघरू लागली.

"भाऊ, ब्याण्णव," दत्ता स्टेजवरून ओरडला. "काम अजून वीस टक्के हाय."

स्टेजच्या पायरीशी पाहुण्यांसाठी ताकाचा कॅन होता. दुधाचा असतो तसला मोठा, बर्फ घातलेला. मी मोटर उचलली आणि ताकात सोडली. मागोमाग परतीची नळी.

ठिबकची नळी पांढरी होत गेली. गावचे माजी सरपंच हातात रिकामा ग्लास घेऊन समोर उभे होते.

"ह्ये काय?"

"कूलिंग," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले आणि ग्लास भरून घेतला. पिणाऱ्याला हटकत नाहीत, हे मी नुकतंच शिकलो होतो.

शहाण्णव. पंच्याण्णव. नव्वद. मग दत्ताचा आवाज आला, "झालं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही असावं.

मोठ्या पडद्यावर दोन्ही गाड्या सावकाश आल्या. आप्पांचे बैल वीतभर पुढं होते. हवालदार पुन्हा दाखवा म्हणाले नाहीत. सुभेदाराच्या पाठीवर हात फिरवत एवढंच म्हणाले, "तहान लागली असंल त्येला."

कमिटीनं दत्ताची मैदानं कायम ठेवली. अट एकच घातली, मशीनचं ताक मशीनवाल्यानं आणायचं. मदरबोर्ड तिसऱ्या दिवशी गेला. जोडातून ताक झिरपलं होतं. दुकानाला पंधरा दिवस आंबूस वास येत होता आणि फ्रिजवाला माझ्याशी दारातूनच बोलत होता.

हल्ली कुठंही मशीन बसवायच्या आधी मी विचारून घेतो, इथं जनावरं पाणी कुठं पितात. मागच्या महिन्यात एका पतसंस्थेच्या मॅनेजरबाईंनाही विचारलं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडं पाहिलं आणि काम दुसऱ्याला दिलं. तरी मी विचारायचं सोडणार नाही.